घोडीचा मागचा गुडघा: मेनिस्कसच्या बंधनाची इजा आणि हातचे गेलेले दोन महिने

घोडी आठ वर्षांची, कुमाईत रंगाची, वजन ५२० किलोच्या आसपास. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत उतरणारी, कामाला हौशी, आणि पायाला हात लावला तर न बिचकता उभी राहणारी. हा स्वभाव मुद्दाम नोंदवतो, कारण मागच्या पायाच्या वरच्या सांध्याची तपासणी घोडं किती उभं राहू देतं यावर पुष्कळ अवलंबून असते.

इजा झाली तेव्हा मालकीण स्वतः स्वार होत्या. उडी नेहमीसारखी गेली, पण उतरताना उजवा मागचा पाय ओल्या गवतावर बाहेरच्या अंगाला सटकला. घोडी क्षणभर मागे बसल्यासारखी झाली आणि सावरली. त्या दिवशी थोडी लंगडली. थंड पाण्याचा मारा, फिनाईलब्यूटाझोन हे वेदनाशामक आणि १० दिवस ठाणबंद विश्रांती, एवढ्यावर ती बरी वाटली. कामाला घेतल्यावर चौथ्या दिवशी लंगडणं परत दिसलं. इजेनंतर तीन आठवड्यांनी मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

कदम चालीत काही खटकलं नाही. दुडक्या चालीत सरळ रेषेत दोष पटकन नजरेत येत नव्हता, पण उजव्या हाताच्या गोलात हटकून दिसत होता: उजव्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर उचलला जाई आणि पाय पुढे कमी पडे. ० ते ५ च्या रूढ मापात मी २ लिहिले. सांध्यांवरून हात फिरवला, कुठे ठळक सूज लागली नाही. तिच्या ठाणावरचे मोतद्दारकाका बाजूला उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सपाटीवर ती चालते हो. उतारावर पाय राखून टाकते." मी मान डोलावली आणि कागदावर काही लिहिलं नाही. या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा पुरावा तोच होता.

हा सांधा नेमका कोणता

घोड्याचा 'गुडघा' म्हटलं की बरेच लोक पुढच्या पायाच्या मध्यावरच्या सांध्याकडे बोट दाखवतात. तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागी आहे. आपल्या गुडघ्याशी जुळणारा सांधा मागच्या पायात पार वर, कुशीच्या कातडीची घडी जिथे पायाला मिळते तिथे असतो. त्याला स्टायफल म्हणतात.

आत तीन कप्पे असतात. पहिला गुडघ्याची वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला, आणि दोन मांडीचं हाड व नडगीचं हाड यांच्यामधले, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. वाटीला खाली धरून ठेवणारे तीन पट्टे असतात. माणसात असा एकच असतो. घोड्याला उभ्या उभ्या डुलकी घेता येते ती यांच्यामुळेच: आतला आणि मधला पट्टा मिळून वाटीसह मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर अडकतात आणि पाय कुलूप लावल्यासारखा ताठ राहतो. मांडी आणि नडगीच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या, म्हणजे मेनिस्कस. दोन्ही बाजूंना आधाराचे दोन पट्टे, आणि मधोमध एकमेकांना छेद देणारी दोन क्रुशिएट बंधनं.

या प्रकरणात महत्त्वाचं आहे ते एक आखूड, जाड बंधन. आतल्या मेनिस्कसचं पुढचं टोक ते नडगीच्या हाडाच्या माथ्याला बांधून ठेवतं. पाय पूर्ण ताणला जातो तेव्हा याच पुढच्या टोकावर आणि त्याच्या बंधनावर मोठा जोर येतो. सांध्यात बारीक दुर्बीण घालून पाहिल्यावर स्टायफलच्या ज्या मऊ भागांच्या इजा सापडतात त्यांत ही जागा वारंवार समोर येते. उडीनंतर उतरताना सटकलेला, ताठ झालेला पाय, वर ५२० किलोचं अंग आणि त्यावर स्वार. सगळा हिसका बोटाएवढ्या तंतूंवर येऊ शकतो.

माझी चूक

पाय वाकवून धरण्याची परीक्षा केली. ६० सेकंद मागचा पाय वर घेऊन धरला आणि लगेच दुडक्या चालीने पळवलं. लंगडणं स्पष्ट वाढलं. पण घोड्याच्या मागच्या पायाची बांधणी अशी आहे की स्टायफल वाकला की हॉक, म्हणजे त्याखालचा, आपल्या घोट्याशी जुळणारा सांधाही वाकतोच. दोघांना जोडणारा स्नायू जवळजवळ दोरीसारखा काम करतो. त्यामुळे वाकवल्यावर दुखलं म्हणजे वरच्या भागात काहीतरी आहे एवढंच कळतं, कोणत्या सांध्यात ते कळत नाही.

पाय खुरापासून हॉकच्या खालपर्यंत टप्प्याटप्प्याने सुन्न केला, फरक पडला नाही. मग स्टायफलच्या तिन्ही कप्प्यांत मेपिव्हॅकेन हे सुन्न करणारं औषध सोडलं आणि १० मिनिटांनी घोडी पळवली. थोडी सुधारणा वाटली, तिसऱ्या हिश्श्याइतकी. मला पूर्ण फरक हवा होता. तो दिसला नाही म्हणून मी स्टायफल बाजूला ठेवला. त्याच दुपारी काढलेल्या एक्स-रेत हॉकच्या सर्वांत खालच्या सांध्याच्या कडेला एक बारीक हाडाचा काटा दिसला आणि माझं मन तिथे बसलं. हॉक वेगळा सुन्न करून खात्री करायला हवी होती. स्टायफलमधलं औषध अजून उतरलेलं नव्हतं, म्हणजे त्या दिवशी ते करून उपयोग नव्हता, दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. मी न थांबता हॉकमध्ये ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉईड दिलं.

घोडी दोन आठवडे बरी चालली. हे दोन आठवडे फार फसवे ठरले, कारण मालकीणबाईंना आणि मलाही निदान बरोबर असल्यासारखं वाटलं. विश्रांती तर चालूच होती, आणि सांध्यात दिलेल्या स्टेरॉईडचा काही अंश रक्तात उतरून साऱ्या अंगावर काम करतो. मग हलकं काम सुरू झालं आणि लंगडणं जास्त जोराने परतलं. मला पुन्हा बोलावलं तेव्हा पहिल्या भेटीला आठ आठवडे होऊन गेले होते.

दोन गोष्टी इथे सांगून ठेवतो. स्टायफलच्या मऊ भागांची इजा सांधा सुन्न करून क्वचितच पूर्ण झाकली जाते. क्रुशिएट बंधनं दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात, सांध्याच्या अस्तराबाहेर असतात, आणि मेनिस्कसचे तंतूही औषधाला सहज दाद देत नाहीत. म्हणून या सांध्यात अर्धीमुर्धी सुधारणा हा नकार समजायचा नाही, तो होकार धरून पुढे जायचं. दुसरं, इतक्या मोठ्या सांध्याला १० मिनिटं पुरत नाहीत. ३० मिनिटांनी आणि गरज वाटली तर तासाभरानेही पाहावं.

दुसरी तपासणी

या खेपेला लंगडणं ३ होतं, म्हणजे दुडक्या चालीत कुठेही आणि कसंही पळवलं तरी दिसणारं. उजव्या पुठ्ठ्याचं मांस डाव्यापेक्षा उतरलं होतं. मागे उभं राहून शेपटी बाजूला धरली की नजरेला कळत होतं. यावेळी काकांना मी स्वतःहून म्हटलं, उताराकडे घेऊन चला. पाच-सहा टक्क्यांचा साधा उतार. घोडीने उजवा पाय जरा बाहेर वळवला, टाच टेकायच्या आधी क्षणभर थांबली आणि मग भार दिला. प्रत्येक पावलाला तेच.

मग हाताने तपासलं. घोडी चारही पायांवर सरळ उभी असताना तिच्या बरगडीला खांदा टेकून मी हात मांडीच्या आतल्या बाजूला नेला. वाटीचा आतला पट्टा बोटांना ताणलेल्या दोरासारखा लागतो. त्याच्या मागे तीन-चार बोटांवर आतला बाजूचा पट्टा. या दोहोंमधली जागा निरोगी पायात किंचित खोलगट लागते आणि हाडाची कड जाणवते. तिच्या डाव्या पायात तशीच लागली. उजव्यात मात्र तिथे मऊ, दाबली की हलणारा फुगवटा होता, भरलेल्या लहान पिशवीसारखा. आतल्या कप्प्यातला द्रव वाढला की तो याच फटीतून डोकावतो. तीन आठवड्यांच्या तपासणीत तो नव्हता की माझ्या हातातून निसटला, हे आता सांगता येणार नाही. तेव्हापासून हा हात मी दोन्ही पायांवर, डोळे मिटून, आधी चांगल्या आणि मग दुखऱ्या पायावर फिरवतो.

सांध्यातून काढलेला द्रव पिवळट, किंचित लालसर आणि नेहमीपेक्षा पातळ होता. पेशी फार वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे संसर्ग नव्हता. आतल्या कप्प्यात २५ मिली मेपिव्हॅकेन सोडलं. हा कप्पा बहुतेक घोड्यांत वाटीच्या कप्प्याशी जोडलेला असतो, त्यामुळे औषध एकाच जागी राहतं असं मानता येत नाही. १० मिनिटांनी फरक किरकोळ होता. ३० मिनिटांनी लंगडणं ३ वरून १ वर आलं. मी मोबाईलवर दोन्ही वेळा मागून चित्रीकरण करून ठेवलं, संथ गतीने पाहण्यासाठी. मालकीणबाईंना ते दाखवलं तेव्हा बोलायची गरज उरली नाही.

एक्स-रे वेगवेगळ्या कोनांतून काढले. त्यांतला मागून पुढे, किंचित वरून खाली जाणारा कोन चुकवू नये. नडगीच्या माथ्यावर मधोमध जो उंचवटा असतो, त्याच्या आतल्या टोकाच्या पुढच्या अंगाला हाड खरखरीत झालं होतं, बारीक नवं हाड उठत होतं. मेनिस्कसचं बंधन नेमकं त्याच्या पुढे चिकटतं. मांडीच्या हाडाच्या आतल्या गोळ्यात पोकळी नव्हती आणि हाडाचा तुकडा सुटलेला नव्हता. याच वयाच्या, याच कामाच्या घोड्यांत पोकळीही सापडते, म्हणून ती नाही हे पाहून घ्यावं लागतं.

एक्स-रे बंधन दाखवत नाही, त्याचं हाडावर उमटलेलं दुखणं दाखवतो, तेही उशिराने. म्हणून सोनोग्राफी. आधाराचे पट्टे आणि मेनिस्कसची बाहेरची कड घोडी उभी असताना दिसतात. मेनिस्कसचं पुढचं बंधन पाहायला मात्र पाय वाकवून धरावा लागतो, म्हणजे पट्ट्यांमधून आत पाहायला खिडकी मिळते. काका पाय धरून बसले, मी गुडघ्यावर बसून यंत्र लावलं. डाव्या पायात बंधन पांढऱ्या समांतर तंतूंचं, पंख्यासारखं नीट दिसलं. उजव्यात ते जाड, आणि नडगीला चिकटण्याच्या जागेपासून सव्वा-दीड सेंटिमीटरपर्यंत मध्ये काळसर, तंतू तुटक. यंत्राचं टोक जरा तिरकं धरलं तर निरोगी तंतूही काळे दिसतात, त्यामुळे तीच जागा तीन वेगवेगळ्या कोनांतून पाहिली आणि दर वेळी डाव्याशी ताडली. काळेपणा टिकून राहिला. आतल्या बाजूचा पट्टा अखंड होता. मेनिस्कस कडेला किंचित बाहेर सरकलेला वाटला.

एमआरआयचा प्रश्न मालकीणबाईंनी विचारला, आणि तो रास्त होता. माणसाच्या गुडघ्याच्या अशा इजांत ती नेहमीची तपासणी. मोठ्या घोड्याचा स्टायफल मात्र पोटाला लागून, रुंद मांडीत दडलेला असतो. बहुतेक यंत्रांच्या बोगद्यात तो पोचतच नाही, आणि जिथे पोचतो तिथेही पूर्ण भूल द्यावी लागते. भूल द्यायचीच असेल तर दुर्बिणीने सांधा उघडून पाहणं आणि त्याच बैठकीत उपचार करणं मला जास्त उपयोगाचं वाटलं.

शस्त्रक्रियेचा निर्णय

बाईंशी तासभर बोललो. वाटा तीन होत्या: लांब विश्रांती आणि सांध्यात औषधं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, किंवा स्पर्धा सोडून कुरणात निवांत आयुष्य. विश्रांती आठ-दहा आठवडे होऊन गेलीच होती आणि हाडावर नवी भर दिसत होती. सुटे, फाटलेले तंतू प्रत्येक पावलागणिक चिमटत राहिले तर कूर्चा घासते आणि सांध्याचा ऱ्हास वेग धरतो. हे थांबवायचं असेल तर आत जावं लागेल, असं माझं मत होतं आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

तितक्याच स्पष्टपणे दुसरी बाजूही सांगितली. मेनिस्कस आणि त्याच्या बंधनाच्या फाटण्याचे दुर्बिणीतून तीन दर्जे मानतात. पहिला, बंधनात लांबीच्या दिशेने चीर, कडा फारशा विलग नाहीत. दुसरा, तशीच चीर पण कडा फाकलेल्या, आणि चिरेचा शेवट दिसतो. तिसरा, चीर मांडीच्या हाडाच्या गोळ्याखाली जाते आणि तिचा शेवट दिसतच नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० घोड्यांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर पूर्ण कामावर परतलेल्यांचं प्रमाण पहिल्या दर्जात ६३ टक्के, दुसऱ्यात ५६ आणि तिसऱ्यात अवघं ६ टक्के होतं. आत गेल्याशिवाय दर्जा कळणार नाही, आणि मेनिस्कसचा मधला भाग आत जाऊनही दिसत नाही, कारण वर मांडीच्या हाडाचा गोळा बसलेला असतो.

भुलीचा धोका मी कधी झाकून ठेवत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१,८२४ भुलींच्या मोठ्या पाहणीत पोटशूळाचे रुग्ण वगळता ७ दिवसांच्या आत मरण पावलेल्या घोड्यांचं प्रमाण ०.९ टक्के होतं. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे. बाईंनी एक रात्र मागितली आणि सकाळी होकार कळवला.

टेबलावर

आदल्या संध्याकाळी नाल काढले. भूल देण्यापूर्वी पेनिसिलिन आणि जेंटामायसिन. झायलाझिनने शांत केल्यावर केटामाइन व डायझेपामने खाली घेतली आणि आयसोफ्लुरेनवर ठेवली. घोडी पाठीवर, चारही पाय वर. एवढं वजन पाठीवर तासभर असलं की पुठ्ठ्याच्या स्नायूंना रक्त कमी पडून ते निकामी होऊ शकतात, त्यामुळे खाली जाड गाद्या घातल्या आणि सरासरी रक्तदाब ७० च्या खाली जाऊ दिला नाही. भूलतज्ज्ञ सहकाऱ्याने हा आकडा दर पाच मिनिटांनी मोठ्याने वाचला.

उजवा स्टायफल काटकोनात वाकवून बांधला. ४ मिलिमीटर जाडीची, ३० अंशांचा डोळा असलेली दुर्बीण मधल्या आणि आतल्या पट्ट्यामधून आतल्या कप्प्यात घातली आणि द्रवाने सांधा फुगवला. पडद्यावर आधी नुसती गुलाबी झालर दिसली, सुजलेल्या अस्तराची. यांत्रिक शेव्हरने ती थोडी मागे सारली. मग मेनिस्कसचं पुढचं टोक समोर आलं.

निरोगी बंधन चकचकीत, मोतिया रंगाचं आणि घट्ट असतं, आकडीने दाबलं तर जेमतेम हलतं. इथे मधोमध लांबीच्या दिशेने फट होती आणि तिच्या दोन्ही कडांतून सुटलेले पांढरट तंतू द्रवाच्या प्रवाहात डोलत होते, वाहत्या पाण्यातल्या शेवाळासारखे. आकडी फटीत घातली तर ती सहज तीन-चार मिलिमीटर उघडली. फट मागे मागे पाहत गेलो. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: शेवट दिसतो की नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या अगदी कडेशी ती संपली. दुसरा दर्जा.

पण त्याखेरीज आणखी दोन गोष्टी सापडल्या. गोळ्याच्या भार घेणाऱ्या पृष्ठावर नखाएवढ्या जागेत कूर्चा मऊ पडून तिचा पृष्ठभाग मखमलीसारखा उसवला होता. आणि मधल्या पडद्याला एक चीर होती, तिच्यातून पुढच्या क्रुशिएटचे वरवरचे काही तंतू रक्ताळलेले दिसत होते. आकडीने दाबून पाहिलं. बंधन ताठ होतं, तुटलेलं नव्हतं.

सुटे तंतू पंचने कापले, कडा शेव्हरने निरोगी, घट्ट भाग लागेपर्यंत सारख्या केल्या. त्याच्या पुढे गेलो नाही. तुटलेलं शिवता येत नाही का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो. माणसात मेनिस्कस शिवतात, क्रुशिएट नव्याने घालतात, आणि मग रुग्णाला कुबड्या देऊन सांगतात, सहा आठवडे पायावर भार देऊ नका. घोड्याला हे सांगता येत नाही. भूल उतरताच त्याला त्या पायावर उभं राहावंच लागतं. म्हणून पूर्ण तुटलेल्या क्रुशिएटला किंवा पूर्ण तुटलेल्या आधाराच्या पट्ट्याला मोठ्या घोड्यात शस्त्रक्रियेने कामापुरतं परत आणणं आजही आमच्या हाती नाही. तिथे कुरण किंवा वेदनामुक्त अंत, एवढंच उरतं. आम्ही करतो ती साफसफाई: जे चिमटतं ते काढायचं आणि उरलेल्याला भरून यायला वाव द्यायचा. उसवलेल्या कूर्चेचे सुटे पापुद्रे तेवढे काढले, हाडापर्यंत खरवडलं नाही. क्रुशिएटच्या लोंबणाऱ्या तंतूंची टोकं टिपली. बाहेरचा कप्पा पाहिला, तो स्वच्छ होता. भरपूर द्रवाने सांधा धुतला आणि कातडीला टाके घातले. एकूण ८० मिनिटं. त्याच भुलीत छातीच्या हाडातून अस्थिमज्जा काढून घेतली, तिचं कारण पुढे येतं.

मला सगळ्यांत जास्त धास्ती टेबलावर नसते, ती घोडी जागी होण्याच्या खोलीत असते. चारही भिंतींना गादी, जमिनीला गादी, मुखाला आणि शेपटीला दोर, दोरांची टोकं भिंतीतल्या कड्यांतून बाहेर आमच्या हातात. झायलाझिनचा छोटा डोस देऊन तिला निजवून ठेवली, कारण घाईने उठणारं घोडं पडतं. पन्नासाव्या मिनिटाला तिने मान उचलली, छातीवर आली. पहिल्या प्रयत्नात पुढचे पाय टेकले, मागचा भाग उचललाच नाही आणि ती कुत्र्यासारखी बसली. काका माझ्या शेजारी शेपटीच्या दोराला लागले होते, ओढत नव्हते, नुसता ताण धरून होते. आणखी दहा मिनिटं गेली. दुसऱ्या खेपेला तिने डावा पाय आधी खाली घेतला, थरथरली, आणि उभी राहिली. उजवा पाय टेकवून.

पुढचे महिने

पहिले दोन आठवडे ठाण सोडायचं नाही. बाराव्या दिवशी टाके काढले. मग हाताने चालवणं, दिवसातून दोनदा पाच मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटांची भर. बाईंनी तक्ता ठाणाच्या दारावर लावला आणि काकांनी तो काटेकोर पाळला. या टप्प्यात घोडं उगीच उधळणं ही मोठी भीती असते, म्हणून दाणा निम्म्यावर आणून गवत वाढवलं.

चौथ्या आठवड्यात अस्थिमज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळ पेशी, सुमारे २ कोटी, सांध्यात सोडल्या. हे करावं की नाही यावर मी बराच विचार केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ घोड्यांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर अशा पेशी दिलेल्यांपैकी ४३ टक्के पूर्वीच्या पातळीवर परतले, ३३ टक्के कामावर परतले आणि २४ टक्के परतले नाहीत. त्यात पेशी न दिलेल्या घोड्यांचा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं पेशींचं किती हे त्यातून निघत नाही. हे बाईंना सांगूनच त्यांची संमती घेतली. कूर्चेची इजा आणि क्रुशिएटचे तंतू पाहिल्यावर मला ही जोड द्यावीशी वाटली.

पेशी दिल्यावर दोन दिवस सांधा सुजला, घोडी जड चालली, मग उतरलं. बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीत बंधनातला काळेपणा भरून आला होता, तंतू समांतर नसले तरी होते. सरळ रेषेत दुडक्या चालीत लंगडणं नव्हतं, उजव्या गोलात १ होतं. चौथ्या महिन्यापासून खोगीर घालून दुडकी चाल, सरळ रेषेत आणि भक्कम, सपाट जमिनीवर. सहाव्यापासून धाव. लहान गोल नऊ महिने पूर्णपणे टाळले, कारण गोलात आतल्या पायाच्या आतल्या बाजूला पिळा बसतो. पुठ्ठ्याचं मांस परत यायला सात महिने लागले. ते परत येईपर्यंत मी उडीला परवानगी दिली नाही, जरी बाईंनी दोनदा विचारलं.

दहाव्या महिन्यात जमिनीवर ठेवलेल्या खांबांवरून, मग ६० सेंटिमीटरच्या अडथळ्यांवरून. घोडी कान पुढे करून गेली.

शस्त्रक्रियेला चौदा महिने झाल्यावर मी शेवटची सविस्तर तपासणी केली. आतल्या कप्प्यात द्रव थोडा वाढलेला आहे आणि राहील. एक्स-रेत उंचवट्यावरची भर होती तेवढीच आहे, नवी नाही. सरळ रेषेत निर्दोष. कडक जमिनीवर उजव्या हाताच्या लहान गोलात बारकाईने पाहिलं तर अजून दोष सापडतो. पूर्वी ती १.३० मीटरवर उतरायची, आता मीटरभर उंचीपर्यंतच्या वर्गांत उतरते. त्याहून वर न्यायचं नाही असं बाईंनी स्वतः ठरवलं आणि मला ते पटलं. तीन आठवड्यांच्या भेटीतच हे निदान हाती लागलं असतं तर गोळ्यावरची कूर्चा वाचली असती का, हा विचार त्या पडद्यावरच्या मखमली चट्ट्यासकट माझ्याबरोबर राहिला आहे.

माझ्या तपासणीच्या कागदावर आता 'उतार' अशी वेगळी ओळ छापलेली आहे. त्या दिवशी ती ओळ भरायला आम्ही त्याच उतारावर गेलो. काकांनी दोर सैल सोडला आणि पुढे चालू लागले. घोडी त्यांच्या मागोमाग खाली उतरली, उजवा पाय सरळ, टाच टेकवताना न थांबता. खाली पोचल्यावर तिने गवताला तोंड लावलं. काकांनी वर माझ्याकडे पाहिलं, आणि मी लिहून घेतलं.